'अनअपोज्ड इस्ट्रोजेन'ला मराठीत काय म्हणाल?

तळटीप: पाळी गेलेल्या बायकांना देतात त्या इस्ट्रोजेनसारख्या हार्मोन-औषधांच्या माहितीपत्रकाचं भाषांतर चालू आहे. 'गर्भाशय असलेल्या स्त्रीला अनअपोज्ड इस्ट्रोजेन देऊ नये' इथे गाडी अडलीय. आधीच्या मसुद्यात 'बिनविरोध इस्ट्रोजेन' आहे.

कोरांटी: सरपंच बिनविरोध होतो, इस्ट्रोजेन नव्हे! वाचणारीला वाटेल, याला कुणाचीच हरकत नाही. मुद्दा नेमका उलटा. इस्ट्रोजेनने गर्भाशयाचं अस्तर वाढतं, प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन ती वाढ आवरतं. आवरणारं कुणी नसलं की पुढे कॅन्सरची भीती. १९७५ मध्येच अमेरिकेतल्या अभ्यासांत हे दिसलं. नंतरच्या 'पेपी' चाचणीत रोज ०.६२५ मिग्रॅ. नुसतं इस्ट्रोजेन तीन वर्षं घेणाऱ्या ३४ टक्के जणींच्या अस्तरात चिंताजनक वाढ आढळली. औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत १ टक्का.

व्युत्पत्तीवेडा: जुन्या परिभाषेत 'स्त्रीमदजन' आहे की. मूळ ग्रीक शब्द गोमाशीचा. ती चावली की गुरं उधळतात, त्यावरून जनावरांचा मद. 'अप्रतिरुद्ध स्त्रीमदजन' म्हणा. घडवलेला शब्द वापरून वापरूनच रुळतो.

कोरांटी: गोठ्यात त्याला माज म्हणतात. अंगातून वाफा येतात म्हणून इस्ट्रोजेनचा पॅच लावणाऱ्या बाईच्या हातात 'मद' छापून देणार?

रेघोटी: 'प्रोजेस्टेरॉनची जोड न देता' असं सरळ लिहा. चूक घरीच होते: पॅच आठवड्यातून दोनदा आठवणीने बदलतात, पण रात्रीची १०० मिग्रॅ. प्रोजेस्टेरॉनची गोळी झोप येते म्हणून सोडून देतात. 'जोड' वाचलं तर ती सोडायची नाही हे कळेल. आणि योनीमार्गात लावायचं कमी मात्रेचं क्रीम वेगळं काढा. त्याला सहसा जोड लागत नाही. नाहीतर क्रीमवाल्या उगाच घाबरतील.

तळटीप: मग 'गर्भाशय असलेल्या' ऐवजी 'पिशवी न काढलेल्या' चालेल?

व्युत्पत्तीवेडा: छापील पत्रकात पिशवी? बाजारहाटाची वाटते.

कोरांटी: ओपीडीत दुसरा शब्दच ऐकू येत नाही. पण 'पिशवी साफ केली' म्हणजे क्युरेटिंग, आतलं अस्तर खरवडणं, ते पिशवी काढणं नव्हे. आणि पिशवीबरोबर अंडाशयं गेली की राहिली, हे त्या शब्दातून कळत नाही. पंचेचाळिशीच्या आत दोन्ही अंडाशयं गेली असतील, तर एरवी पाळी जाते त्या वयापर्यंत, साधारण पन्नाशीपर्यंत, इस्ट्रोजेन देतात (स्तनाचा कॅन्सर वगैरे अडचण नसेल तर).

रेघोटी: त्याच पत्रकात 'स्तनाच्या कॅन्सरचा धोका २६ टक्के' असेल तर आधी ते दुरुस्त करा. २००२ च्या 'डब्ल्यूएचआय' (विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह) या अमेरिकेतल्या चाचणीत, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम औषध) एकत्र घेणाऱ्या गटात, तो २६ टक्क्यांनी *वाढला*: वर्षाला दहा हजारांत ३० च्या जागी ३८. पिशवी काढलेल्या, नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या गटात तो वाढला नाही, पक्षाघाताचा मात्र वाढला.

व्युत्पत्तीवेडा: 'धोका' हिंदी वळणाचा. 'जोखीम' लिहा.

कोरांटी: जोखीम आपण घेतो, धोका आपल्याला असतो. दोन्ही लागतील.

व्युत्पत्तीवेडा: 'जोखीम' म्हटलं की 'जोखणं' आठवतं, म्हणजे मोजलेला धोका. वेगळा धागा काढतो.