शेवटच्या दिवशी बोटीची टूर नको

ट्रिपचा शेवटचा आख्खा दिवस बोटीच्या टूरसाठी ठेवा असं काहीजण सुचवतात, पण जुलै-ऑगस्टमधे ग्रीसच्या सायक्लेड्स बेटांवर जाणार असाल तर प्लीज असं करू नका. तेव्हा तिकडे मेल्तेमी नावाचा उत्तरेकडचा कोरडा वारा सुटतो, आभाळ एकदम निरभ्र, कडक ऊन, आणि तरी समुद्र खवळलेला. जोर साधारण 8 बोफर्टच्या (वाऱ्याचा जोर मोजायचं माप) आसपास गेला की मोठ्या फेरीबोटीसुद्धा थांबवतात, छोट्या टूरच्या बोटी तर त्याच्या कितीतरी आधी बंद होतात. आमची त्यातल्याच नाक्सोस बेटावरची टूर अशीच ऐन शेवटच्या दिवशी रद्द झाली, लेक अगदी रडकुंडीला आली होती.

मग संध्याकाळी चालत तिथल्या पोर्टाराला, म्हणजे एका जुन्या देवळाच्या दाराशी गेलो. अपोलोचं देऊळ इ.स.पू. सहाव्या शतकात बांधायला घेतलं आणि अर्धवटच राहिलं, त्याच्या दाराची नुसती संगमरवरी चौकट उभी आहे. तिथे जायच्या दगडी वाटेवर लाटा उडत होत्या, आईने एका हाताने निऱ्या सावरल्या नि दुसऱ्या हाताने नातीला घट्ट धरलं, वर पोचल्यावर दोघी चिंब. आईने त्या चौकटीला हात लावून नमस्कार केला, आत मूर्ती नाही की गाभारा नाही, तरी केला. नंतर तिथल्याच बटाट्याचे तळलेले काप आणि ग्राविएरा चीज, बाबांनी दोनदा मागवलं. अख्ख्या ट्रिपमधला तोच दिवस लेकीला सगळ्यात जास्त आठवतो.

आणि हो, परतीचं विमान अथेन्सहून असेल तर मधे एक रात्र अथेन्सला ठेवाच, नाक्सोसहून पिरेयसला (अथेन्सचं बंदर) मोठ्या फेरीबोटीने पाचेक तास लागतात.