क्षयाचा जंतू 70,000 वर्षांचा? मला पटत नाही

चक्रपाणी:
गाईगुरं पाळली आणि क्षय मागे लागला, ही गोष्ट 2002 मध्येच मोडीत निघाली. गाईच्या जंतूतले डीएनएचे काही तुकडे गळालेत, माणसाच्या जंतूत ते शाबूत आहेत. गळालेलं परत येत नाही, मग गाईचा जंतू पूर्वज कसा?

पण 2013 पासून नवं टुमणं: माणूस सुमारे 70,000 वर्षांपूर्वी आफ्रिकेतून निघाला तेव्हाच जंतू सोबत होता. जंतूच्या 259 जीनोमचा (संपूर्ण डीएनए संचांचा) वंशवृक्ष माणसाच्या आईकडून येणाऱ्या डीएनएच्या वंशवृक्षाशी जुळला, म्हणून तारखाही मानवी स्थलांतराच्या लावल्या. म्हणजे जे सिद्ध करायचं तेच गृहीत!

2014 मध्ये पेरूतल्या सुमारे हजार वर्षं जुन्या सांगाड्यांतून जंतूचा डीएनए मिळाला. त्यांचं वय ठाऊक, त्यामुळे डीएनए किती वेगाने बदलतो याचं घड्याळ नीट लावता आलं. क्षयाच्या जंतूच्या सगळ्या जातींचा समाईक पूर्वज सहा हजार वर्षांच्या आतला निघाला. आणि पेरूतले ते जंतू सील या समुद्री प्राण्याच्या जंतूंचे सख्खे नातलग, म्हणजे समुद्र ओलांडून क्षय तिथे सीलने नेला असावा!

सुनंदा_पी:
सीलचं मान्य. पण इस्राएलच्या किनाऱ्याजवळ, समुद्राखाली गेलेल्या अतलित याम गावातल्या 9,000 वर्षांपूर्वीच्या मायलेकरांच्या हाडांत क्षय सापडलाय, त्याचं काय? शिवाय हा जंतू वर्षाला जीनोममागे अर्धा बदलही जेमतेम करतो. सुप्तावस्थेत त्याहून कमी असेल. हजार वर्षांचा वेग मागे ताणलात तर वय कमीच येणार.

चक्रपाणी:
अतलित यामचे डीएनए तुकडे फार तोकडे. मातीतही या कुळाचे जंतू असतात, भेसळीची शंका राहतेच. उलट स्वीडनमधल्या लुंडचा बिशप विनस्ट्रुप बघा. 1679 मध्ये वारला, त्याच्या फुफ्फुसातल्या गाठीतून उत्तम जीनोम मिळाला. 2020 चा निकाल, पुन्हा सहा हजारांच्या आतच.

लॅबवाला:
दोघंही पूर्वजाच्या वयाला रोगाचं वय समजताय. जुनी घराणी निर्वंश झाली असतील, तर आज उरलेल्यांचा पूर्वज अलीकडचाच दिसेल. रोग त्याआधीही असू शकतो.

सुनंदा_पी:
हेच म्हणतेय! आणि क्षयाच्या जंतूचे जवळचे भाऊबंद, गुळगुळीत वसाहती करणारे कॅनेटी जंतू, अजून मुख्यतः पूर्व आफ्रिकेतल्या जिबूतीच्या आसपास सापडतात. मूळ आफ्रिकेतच.

चक्रपाणी:
आफ्रिकेबद्दल वाद नाहीच हो. वाद तारखेचा आहे. निर्वंश घराण्यांचा डीएनए आणा, 70,000 मान्य करतो. तोवर सहा हजारच.