'थिन फिल्म डिपॉझिशन'ला मराठीत काय म्हणाल?

राजापूरची मावशी
नमस्कार मंडळी. माझी भाची मुंबईत संशोधन करते. काचेवर सोन्याच्या बारीक पट्ट्या बसवायच्या, त्यांच्यावरून पेशी मिसळलेलं पाणी सोडायचं आणि विजेच्या जोरावर जिवंत पेशी एकीकडे, मेलेल्या दुसरीकडे करायच्या, असं तिचं काम. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, गावच्या वाचनालयात ती बोलणार आहे. मराठी मसुदा माझ्याकडे आलाय. काचेवर असा पातळ थर बसवणं म्हणजे थिन फिल्म डिपॉझिशन. त्यासाठी मी लिहिलं, 'काचेवर सुवर्णाच्या तनुपटलाचे निक्षेपण करतात.' आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "सोनं काचेवर ठेव म्हणून ठेवतात?" तिचं चुकलं नाही, निक्षेप म्हणजे ठेवच. विजेच्या जोरावर पेशी हलवण्याचा शब्द त्याहून अवघड आहे: डायइलेक्ट्रोफोरेसिस. दोन्हींना काय लिहू?

दापोलीकर
निक्षेपणच ठेवा. नदीच्या गाळाचं निक्षेपण मुलं भूगोलात शिकतातच. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, तेव्हा त्यांनी भाषाशुद्धी लावून धरली. त्यांचा 'महापौर' आज कुणाला परका वाटतो? शब्द वापरला की रुळतो.

चिपळूणचा लॅबवाला
रुळायला तो आधी कुणाच्या तरी तोंडात बसावा लागतो. मी काही वर्षं हेच काम केलं. आम्ही 'सोनं चढवलं', 'फिल्म टाकली' असंच बोलायचो. आणि गाळाशी तुलना मला पटत नाही. गाळ वजनाने खाली बसतो. इथे निर्वात पेटीत सोनं खाली तापवतात, काच वर उपडी टांगलेली असते आणि वाफ वर जाऊन तिला चिकटते. दुसरी रीत स्पटरिंगची. तिच्यात आरगॉनचे आयन सोन्याच्या चकतीवर आदळवून अणू उडवतात. तिसऱ्या रीतीत, ज्यावर थर हवा ती चकतीच तापवतात, वायू तिच्यावर फुटतो आणि थर मागे राहतो. चिपमधले सिलिकॉनचे पातळ थर सिलेन वायूतून असेच बसवतात.

खारेपाटणचे मास्तर
'उपडी टांगलेली' वाचलं आणि आजी डोळ्यांपुढे आली. एरंडेलाचा दिवा, दोन बाजूंना दोन वाट्या, त्यांच्यावर तांब्याचं ताम्हन उपडं. तासाभराने उलटलं की आत मखमलीसारखा काळा थर. बोट टेकवलं तर बोटाच्या रेषांसकट ठसा उठे. ह्याला ती 'काजळ धरणं' म्हणायची. दुधावर साय धरते, भांड्याला काजळी धरते. मग काचेवर सोनं का धरू नये? 'काचेवर सोन्याचा थर धरवतात.' मावशी, हे तुमच्या आईंना वाचून दाखवा.

गुहागरची सून
मास्तर, आमच्याकडे काजळ 'पाडतात'. धरतात ते ताम्हन.

खारेपाटणचे मास्तर
ताम्हन हाताने धरतात, काजळ ताम्हनाला धरतं. क्रियापद एक, कर्ते वेगळे.

चिपळूणचा लॅबवाला
'धरणं' मला आवडलं, पण एक फरक सांगतो. काजळी तापलेल्या हवेबरोबर वर जाते. आमच्या पेटीतला दाब बाहेरच्या हवेच्या अब्जांशाच्या आसपास असतो, त्यामुळे सोन्याचे अणू कुठेही न आदळता सरळ रेषेत जातात. वाटेत कापलेला पत्रा ठेवला तर त्याच्या सावलीत सोनं बसत नाही. पट्ट्यांचे आकार तसेही काढता येतात. शिवाय काजळ बोटाला लागतं. फिल्म अशी निघाली तर काम वाया गेलं.

वेंगुर्ल्याचो
मावशे, आमी होडी रंगवतो तेवा पयलो हात पातळ देतो. तो लाकडात मुरता, मगे दुसरो हात त्येच्यार बसता. पयलो हात नसलो तर वरचो रंग खपल्यांनी सुटता. 'हात' ह्यो शब्द कित्याक नको?

राजापूरची मावशी
हे भाचीला कळवलं आणि तिने लगेच फोन केला. तिने पहिली काच केली तेव्हा सोनं थेट काचेवर चढवलं होतं. नळाखाली धरताच ते मिठाईवरच्या वर्खासारखं उचललं गेलं आणि पाण्यात घड्या पडत वाहून गेलं. आठवड्याची मेहनत होती. सोनं काचेतल्या ऑक्सिजनशी जोडलं जात नाही, क्रोमियम जातं. म्हणून आता आधी ५ ते १० नॅनोमीटर क्रोमियम आणि त्यावर १०० नॅनोमीटर सोनं. वेंगुर्ल्याच्या दादांचा पहिला हात तो हाच. भाषणात तो येणार आहे.

कणकवलीचे वैद्य
'तनुपटल' मात्र काढाच. पटल म्हटलं की माझ्यापुढे डोळा येतो, दृष्टिपटल.

गुहागरची सून
मग 'पुट' घ्या. पुटावर पुट चढवतात. आम्ही आंब्याची साठं घालतो तीही तशीच. ताटात रस पसरायचा, उन्हात वाळला की त्यावर दुसरा. चार दिवसांनी कडेला सुरी घातली की सगळे थर एकजीव होऊन एकच साठ निघतं.

कणकवलीचे वैद्य
रसशास्त्रात पुट म्हणजे थर नव्हे, आच. भस्माला गजपुट देतात ते गोवऱ्यांच्या खड्ड्यात.

दापोलीकर
काजळ, साय, साठं! उद्या ह्याच विषयावर मराठीत प्रबंध लिहायचा झाला तर नाम लागेल, विशेषण लागेल. निक्षेपण, निक्षेपित, निक्षेपक अशी साखळी 'धरणं' देईल का? मी शुद्धतेच्या हट्टाने बोलत नाही. मराठीत वरचं शिक्षण व्हावं असं मनापासून वाटतं, म्हणून बोलतो.

खारेपाटणचे मास्तर
देईल. धरण म्हटलं की कोयना आठवेल, हे मान्य. पण 'धरवण' घ्या. सारवणं, सारवण, तसं धरवणं, धरवण. कोशात नसेल तर घालू.

राजापूरची मावशी
आणि डायइलेक्ट्रोफोरेसिस? 'विद्युत क्षेत्र' लिहिलं तर लोकांना वीजमंडळ वाटेल.

चिपळूणचा लॅबवाला
शब्दाआधी कंगवा दाखवा. केसांतून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो. कपट्यावर स्वतःचा भार नसतो, तरी तो ओढला जातो, कारण कंगव्याजवळ विजेचा जोर जास्त आणि लांब कमी. जोर सगळीकडे सारखा असता तर कपटा हलला नसता. हर्बर्ट पोल यांनी १९५१ मध्ये ह्या ओढीला डायइलेक्ट्रोफोरेसिस नाव दिलं. १९६६ मध्ये जिवंत आणि मेलेलं यीस्ट ह्याच ओढीने वेगळं करून दाखवलं गेलं. जिवंत पेशीचं आवरण शाबूत असतं, मेलेलीचं झिरपतं. योग्य वारंवारतेची वीज दिली की जिवंत पेशी पट्टीच्या कडेला येऊन बसतात, मेलेल्या तिथे येत नाहीत. कंगव्याचा प्रयोग फेब्रुवारीत होईल. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत कपटा जागचा हलत नाही.

खारेपाटणचे मास्तर
पाण्यातून चांगलं-वाईट वेगळं करणं, म्हणजे रोळणं! तांदूळ पाण्यात हलवून खडे मागे ठेवतात ते. 'वीजरोळण' लिहा.

दापोलीकर
फोरेसिस म्हणजे वाहून नेणं. निवडणं हा त्याचा उपयोग झाला, अर्थ नव्हे. आणि रोळण्यात खडा जड म्हणून खाली राहतो. इथे वजन नाही, असं तुम्हीच निक्षेपणावर म्हणत होतात ना?

चिपळूणचा लॅबवाला
ते मी म्हणालो होतो, मास्तर नव्हे. पण मुद्दा बरोबर आहे.

गुहागरची सून
रोळणं आम्ही रोवळीत, म्हणजे बांबूच्या टोपलीत, करतो. रोळी आणि रोवळी एकच का?

खारेपाटणचे मास्तर
एकच. रोळीचीच रोवळी झाली.

कणकवलीचे वैद्य
उलट असेल. रोवळीची रोळी झाली असेल, मधला 'व' गळून.

राजापूरची मावशी
आईला 'थर धरवतात' वाचून दाखवलं, तिने मान हलवली. दुसऱ्या शब्दाची जागा मसुद्यात अजून कोरी आहे, भाषणाला नऊ दिवस आहेत.

वेंगुर्ल्याचो
आमची रोवळी बुडाक चौकोनी आणि तोंडाक गोल. तुमच्याकडे रोळी म्हणतत ती सगळीच गोल आसता काय? तसा आसल्यास वस्तू दोन, मगे शब्द पण दोन.