न्यू जर्सी: थकलेल्या भाड्यासाठी सर्वधर्मीय संस्थेची मदत – माहिती आणि अनुभव हवे आहेत

नमस्कार मंडळी,

एडिसनमध्ये आमच्या इमारतीत राहणाऱ्या एका मराठी कुटुंबासाठी हा धागा काढत आहे. नवरा गोदामात तासावारी मजुरीवर काम करतो. शस्त्रक्रियेनंतर त्याला बरेच आठवडे घरी बसावे लागले, त्या काळातला पगार बुडाला आणि दोन महिन्यांचे भाडे थकले. घरमालकाने दावा लावला असून पुढच्या आठवड्यात कोर्टाची तारीख आहे. दोन्ही मुले शाळेत जातात.

न्यू जर्सीत कोर्टाच्या हुकमाशिवाय भाडेकरूला बाहेर काढता येत नाही. थकबाकी पूर्ण भरली, तर भाड्यापुरता दावा मिटतो. इतकेच नव्हे, तर घराला कुलूप लागल्यानंतरही कामकाजाच्या तीन दिवसांत पूर्ण रक्कम दिल्यास ती मालकाला स्वीकारावी लागते. त्यामुळे सारा प्रश्न पैसे वेळेत उभे राहण्याचा आहे.

या राज्यात अशा मदतीची परंपरा जुनी आहे. कॅरन ओल्सन यांनी १९८६ साली सुरू केलेल्या आणि आज ‘फॅमिली प्रॉमिस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कामात निरनिराळ्या पंथांची प्रार्थनास्थळे बेघर कुटुंबांना आळीपाळीने आपल्या वास्तूत उतरवून घेत असत; पुढे घर जाण्याआधीच ते वाचवण्याकडेही या संस्थेने लक्ष वळवले. २-१-१ या मदतक्रमांकावर फोन केल्यावर आम्हाला अशाच एका स्थानिक संस्थेचा पत्ता मिळाला. वहिनींना आधी फार संकोच वाटत होता. चर्चच्या आवारात मदत मागितली, तर उद्या प्रार्थनेलाही बोलावतील का, असे त्यांनी मला दोनदा विचारले. अर्जात भाडेकरार, कोर्टाची नोटीस, पगाराच्या पावत्या आणि थकबाकीचे कारण एवढेच मागितले होते, धर्माचा रकानाच नव्हता. तो अर्ज स्वतः वाचल्यावर त्यांनी सगळ्या पावत्या तारखेनुसार टाचून पोह्यांच्या रिकाम्या पिशवीत घालून आणल्या.

अडचण आता पुढे आली आहे. संस्था कुटुंबाच्या हाती पैसे देत नाही, थेट घरमालकाच्या नावे चेक काढते, आणि तोही एका महिन्याच्या भाड्याचाच. शिवाय उरलेल्या रकमेची सोय झाली आहे, हे आधी लेखी दाखवावे लागते. ही अट मला चुकीची वाटत नाही, कारण अर्धे भाडे भरूनही घर गेले, तर देणगीदारांचा पैसा वाया जाईल. मात्र दुसऱ्या धर्मादाय संस्थेचीही नेमकी हीच अट असल्याने दोघी एकमेकींच्या पत्राची वाट पाहत आहेत.

दोन संस्थांची हमीपत्रे एकत्र जोडून कोणी असा प्रश्न सोडवला आहे का? पैसे प्रत्यक्ष येण्यापूर्वी केवळ हमीपत्र दाखवून मालकाशी कोर्टात तडजोड झाल्याचा किंवा तारीख पुढे गेल्याचा अनुभव कोणाला आहे का? आम्ही काही शेजारी उरलेल्या रकमेतला वाटा उचलायला तयार आहोत. तो संस्थेमार्फत द्यावा की थेट मालकाला देऊन पावती घ्यावी? विशिष्ट कुटुंबासाठी दिलेल्या पैशांवर करसवलत मिळत नाही, याची आम्हाला कल्पना आहे आणि ती नकोच आहे.

नाव आणि फोटो टाकून लोकवर्गणी काढण्याचा पर्याय मात्र कृपया सुचवू नये. मुलांच्या शाळेत हे कळू नये, अशी वहिनींची इच्छा आहे आणि मला ती पूर्णपणे रास्त वाटते.