किलाउएआ ज्वालामुखी एका दिवसात: लाव्हा दिसेल का, आणि दम्याच्या माणसाला नेता येईल का?

मुशाफिर: हवाईच्या ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यानासाठी एकच दिवस आहे, मुक्काम बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कोनाला. सोबत सासूबाई (दमा आहे) आणि आठ वर्षांचा मुलगा. लाव्हा बघायला मिळेल का? काय बघावं, काय सोडावं?

कातळवाट: लाव्ह्याची खात्री कुणीच देणार नाही. २३ डिसेंबर २०२४ ला किलाउएआच्या माथ्यावरच्या हालेमाउमाउ विवरात सुरू झालेला उद्रेक टप्प्याटप्प्याने होत आलाय. काही तास लाव्ह्याची कारंजी उडतात, मग कित्येक दिवस नुसता धूर. ज्वालामुखीच्या इशाऱ्याचा रंग ‘नारंगी’ दिसला म्हणून निघू नका, मधल्या शांततेतही तो नारंगीच असू शकतो. निघायच्या आधी हवाईच्या ज्वालामुखी वेधशाळेचे थेट कॅमेरे आणि त्या दिवशीची नोंद बघा. कोनाहून एका बाजूचं अंतर साधारण १५५ किमी, म्हणजे दोन तासांच्या वर. गाडीमागे ३० डॉलर, सात दिवस चालतात, पण रोख घेत नाहीत, कार्ड हवं. उद्यान चोवीस तास उघडं असतं. उद्रेक चालू असेल तर पहाटे अंधारात पोहोचा, तेव्हा पार्किंगही मिळतं.

वाफेरी: सासूबाईंचं आधी ठरवा. विवरातून सल्फर डायऑक्साइड निघतो, आणि धुळीचा मास्क वायू अडवत नाही, एन९५ सुद्धा नाही. नेहमीचे ईशान्येचे वारे तो नैर्ऋत्येकडे नेतात. वारा दक्षिणेकडून फिरला की तोच धूर उत्तरेकडच्या प्रेक्षणकठड्यांवर आणि व्होल्कॅनो गावावर येतो. त्या दिवशी त्यांना विवराजवळ नेऊच नका. इनहेलर हाताशी ठेवा, घसा खवखवला की काचा लावून, आतलीच हवा फिरती ठेवून खाली उतरा.

कारंजी उडत असताना ‘पेलेचे केस’ही पडतात (पेले म्हणजे हवाईची ज्वालामुखीची देवी): सोनेरी, केसापेक्षा बारीक काचेचे तंतू. दिसायला सुंदर, पण बोटात घुसतात, डोळ्यात गेले तर इजा करतात. मुलाला हात लावू देऊ नका. गाडीच्या काचेवर पडले तर वायपर अजिबात फिरवू नका, ओरखडे उठतात. भरपूर पाणी ओतून धुवा.

रानपायवाट: लाव्हा नसला तरी दिवस फुकट जात नाही. माझं मत, मुलासाठी किलाउएआ इकी या शेजारच्या विवरातली पायी फेरी सोडू नका. ५.३ किमी, सुमारे १२० मीटर उतार आणि तेवढाच चढ. १९५९ मध्ये इथे लाव्ह्याचं तळं होतं, आज त्याच्या थिजलेल्या तळावरून चालता येतं. दगडांच्या रचलेल्या खुणा सोडून जाऊ नका, कडेची खपली पोकळ असते. बंद, जाड तळाचे बूट घाला. शिखरभाग सुमारे १२०० मीटरवर आहे, म्हणून थंडी आणि पाऊस दोन्हींची तयारी ठेवा.

तोवर घरातल्या कुणाबरोबर तरी सासूबाईंनी चेन ऑफ क्रेटर्स रस्त्याने गाडीतून समुद्रापर्यंत जावं. एका बाजूने ३० किमी, शेवटी होलेई ही समुद्रकाठची खडकाची कमान. वाटेत पेट्रोल नाही, पाणी नाही, दोन्ही आधीच भरून घ्या. रस्त्यावर नेने (हवाईचे रानहंस) येतात, वेग कमी ठेवा, खायला घालू नका. आणि दगड खिशात टाकू नका, कायद्याने मनाई आहे, शिवाय ही पेलेची जागा आहे.