स्क्रॅचमधील खेळात चेंडू बॅटला चिकटून थरथरतो, तो का?

प्रश्न (एक पालक, कोथरूड)

माझी मुलगी सहावीत आहे आणि दिवाळीच्या सुट्टीपासून ती स्क्रॅचवर (आज्ञांचे ठोकळे जोडून मुलांना प्रोग्रॅम करता येणारी भाषा) बॅट-चेंडूचा साधा खेळ करते आहे. माऊसबरोबर आडवी सरकणारी बॅट तळाशी आहे. चेंडूच्या 'फॉरएव्हर'मध्ये (आतल्या आज्ञा सतत पुन्हा पुन्हा करणारा ठोकळा) दहा पावले चालणे, 'इफ ऑन एज, बाउन्स' (कडेला टेकल्यास उसळणे) आणि बॅटला स्पर्श झाल्यास 'टर्न १८० डिग्रीज' एवढेच ठोकळे आहेत. पहिली अडचण अशी की चेंडू ज्या रेषेने येतो त्याच रेषेने परत जातो. दुसरी अधिक त्रासदायक आहे: मधूनच तो बॅटला चिकटतो आणि तिथेच थरथरत राहतो. मला प्रोग्रॅमिंग येत नाही, त्यामुळे तिला उत्तर सांगण्याऐवजी कारण समजावता येईल असे काही सुचवावे, ही विनंती.

उत्तर १ (निवृत्त गणित शिक्षक, सदाशिव पेठ)

पहिल्या अडचणीसाठी घरातला कॅरम बोर्ड काढा. स्ट्रायकर तिरका मारला की तो कडेवर आपटून पुढच्या बाजूला जातो, तुमच्या हाताकडे परत येत नाही. १८० अंश वळणे म्हणजे मात्र पाठ फिरवून आल्या वाटेने निघणे होय. स्क्रॅचमध्ये वर म्हणजे ०, उजवीकडे ९०, खाली १८० आणि डावीकडे −९० अशी दिशा मोजतात (आपल्या शाळेतल्या कोनमापकाशी हे जुळत नाही, हे मुलीला आधीच सांगून ठेवा). आडव्या बॅटसाठी नवी दिशा १८० वजा जुनी दिशा इतकी येते. खाली उजवीकडे येणाऱ्या चेंडूची दिशा १३५ असेल, तर ती ४५ होते आणि चेंडू वर उजवीकडे जातो. वहीत दोन-तीन आकृत्या काढल्या की तिला हे स्वतःलाच सापडेल.

उत्तर २ (सॉफ्टवेअर अभियंता, हिंजवडी)

सरांचे सूत्र बरोबर आहे, पण त्याने थरथर थांबणार नाही. चेंडू सरळ वरून येतो तेव्हा तो बहुधा नीट सुटतो. तुम्ही उशिरा, बाजूने माऊस झटकन सरकवता तेव्हा बॅट चेंडूच्या अंगावर येते आणि चेंडू तिच्यात खोल अडकतो. 'फॉरएव्हर' सेकंदाला साधारण ३० वेळा फिरतो. एका फेरीत चेंडू उलटा वळतो, पण दहा पावलांत बाहेर पडू शकत नाही, म्हणून पुढच्या फेरीतही स्पर्श खराच ठरतो आणि तो पुन्हा उलटा वळतो.

म्हणून 'उलटा वळ' ही आज्ञाच काढून टाकावी आणि त्याऐवजी नेमकी दिशा द्यावी, असे माझे मत आहे: 'पॉइंट इन डिरेक्शन'मध्ये (दिशा ठरवणारा ठोकळा) चेंडूचा एक्स (आडवी जागा) वजा बॅटचा एक्स, आणि या वजाबाकीला गुणिले १.५. बॅट ८० रुंद असेल तर मध्यावर बसलेला चेंडू सरळ वर जाईल आणि टोकावरचा सुमारे ६० अंशांनी तिरका. स्पर्श दहा फेऱ्या खरा राहिला तरी दिशा वरचीच मिळते, त्यामुळे चिकटणे संपते. शिवाय खेळाडूला नेम धरता येतो. १९७२ साली अटारी कंपनीच्या पाँग या व्हिडिओ गेममध्येही बॅटचे आठ भाग कल्पून प्रत्येक भागाला वेगळा कोन दिला होता. खेळाची खरी मजा त्यातच होती.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. चिकटणे पूर्ण थांबले. आता तिने गुण मोजायला घेतले, तर एका टोल्याला कधी एक तर कधी चार गुण वाढतात. शिवाय चेंडूचा वाय (उभी जागा) −१७० पेक्षा कमी झाल्यास खेळ संपवायचा आहे, पण तो संपतच नाही.

उत्तर २ (सॉफ्टवेअर अभियंता, हिंजवडी)

गुणांचे कारण तेच आहे, कारण स्पर्श जितक्या फेऱ्या टिकतो तितके गुण वाढतात. गुण वाढवल्यावर 'वेट अन्टिल' (अमुक होईपर्यंत थांब) लावून स्पर्श सुटेपर्यंत थांबवा, मात्र हे चेंडूच्याच दुसऱ्या, स्वतंत्र हिरव्या झेंड्याखाली (खेळ सुरू होताच चालणारा ठोकळा) लिहा, नाहीतर चेंडूच जागच्या जागी थांबेल.

रंगमंचाचा तळ −१८० वर आहे, पण वाय चेंडूच्या मध्यबिंदूचा असतो आणि कड टेकताच 'बाउन्स' त्याला परत पाठवतो. त्रिज्या २० असेल तर मध्यबिंदू −१६० च्या खाली जातच नाही. तळाशी लाल पट्टी काढून लाल रंगाचा स्पर्श तपासावा, आणि ती तपासणी 'बाउन्स'च्या आधी ठेवावी.