टॉवर बोलला एक, मी ऐकलं भलतंच. "से अगेन" (परत सांगा) म्हणायची लाज कशी घालवायची?

डाउनविंडवाला
नमस्कार मंडळी, पायलट ट्रेनिंगमधे माझे उडायचे ४६ तास झालेत, सोलो क्रॉस कंट्री (एकट्याने लांबच्या ठिकाणी उडणं) चालू आहेत. आमच्या ट्रेनिंगच्या धावपट्टीवर टॉवर नाही, आपापली पोझिशन सांगत उडायचं, सगळे ओळखीचे आवाज. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा एकटा टॉवरवाल्या एअरपोर्टला गेलो आणि माती खाल्ली.

लेफ्ट डाउनविंडला होतो, म्हणजे धावपट्टी डावीकडे ठेवून तिला समांतर, उतरायच्या उलट दिशेने. टॉवर एका दमात म्हणाला, "नंबर टू, ट्रॅफिक एटीआर ऑन फायनल, एक्स्टेंड डाउनविंड, आय विल कॉल युअर बेस". म्हणजे तुझा नंबर दुसरा, पुढे एटीआर (प्रवासी विमान) उतरायला येतंय, तसाच पुढे जात राहा, बेसला (उतरायच्या रेषेकडे नेणारं वळण) कधी वळायचं ते मी सांगेन. माझ्या कानात शिरलं फक्त "नंबर टू" आणि "बेस". मी ठोकून दिलं, "नंबर टू, विल कॉल बेस". समोरून काहीच आलं नाही म्हणजे बरोबर असणार असं समजून बेसला वळलो, कॉल दिला, तर दोन सेकंद एकदम शांतता. मग "टर्न लेफ्ट इमिजिएटली, गो अराउंड (उतरू नकोस, परत वर जा), रिमेन लेफ्ट ऑफ द रनवे". उजव्या खिडकीतून बघतो तर एटीआर, लँडिंग लाइट चालू, सरळ येतंय. हात एवढे थरथरत होते की फ्लॅप्स वर घ्यायचेच विसरलो.

परत आल्यावर इन्स्ट्रक्टर सरांनी सगळ्यांसमोर काढली, "पोपट आहेस नुसता". खरं सांगायचं तर मला तेव्हाच कळलं होतं की मधलं काहीतरी निसटलंय, पण त्याच फ्रीक्वेन्सीवर एअरलाइनचे कॅप्टन ऐकत असतात, त्यांच्यासमोर "से अगेन" म्हणायला जीभच रेटली नाही. दहावीपर्यंत मराठी मिडियम. हा माझ्या इंग्लिशचा प्रॉब्लेम आहे का?

उजवी सीट
नाही रे. एअरलाइनमधे फर्स्ट ऑफिसर आहे, मीपण जिल्हा परिषदेच्या शाळेतली, त्यामुळे हे सांगायचा मला हक्क आहे. तुला "एक्स्टेंड" आणि "कॉल" या शब्दांचे अर्थ माहीत होतेच ना? तुझ्या ट्रेनिंगच्या धावपट्टीवर टॉवर नाही, तिथे बेसला वळताना तूच कॉल देतोस, शंभर वेळा दिला असशील. म्हणून "कॉल" आणि "बेस" ऐकलं की डोकं उरलेलं वाक्य स्वतःच भरून टाकतं. कॉल कोण करणार, तो की तू, एवढाच काय तो फरक होता.

टेनेरिफचा अपघात वाचला असशीलच, २७ मार्च १९७७, केएलएम आणि पॅन ॲम या एअरलाइन्सची दोन जम्बो धावपट्टीवर धडकली, ५८३ माणसं गेली. तिथे केएलएमला आधी मिळाला होता तो फक्त रूट क्लिअरन्स (कुठल्या मार्गाने जायचं त्याची परवानगी, उडायची नव्हे), पण त्यात "टेकऑफ" शब्द होता. मग को-पायलट म्हणाला "वी आर नाऊ ॲट टेकऑफ", टॉवर म्हणाला "ओके" आणि पुढे थांबायला सांगितलं, पण नेमकं त्याच वेळी पॅन ॲमवाले बोलले आणि केएलएमच्या कॉकपिटमधे उरली नुसती शिट्टी. "ओके" तेवढं स्वच्छ ऐकू आलं. तो कॅप्टन कंपनीतल्या सगळ्यात सीनियर लोकांपैकी होता, बोल. तेव्हापासून "टेकऑफ" हा शब्द क्लिअरन्स देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा, एरवी "डिपार्चर".

आणि ते कॅप्टन तुझ्याकडे लक्ष देत नसतात रे, ते आपलं कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव) कधी येतंय त्याची वाट बघत असतात.

हेडसेट काका
मी टॉवरमधे ३१ वर्षं काढली, आता रिटायर. पोरा, यात अर्धी चूक आमच्यातल्याची आहे. रीडबॅक, म्हणजे पायलटने सूचना परत म्हणून दाखवणं, चुकला तर पकडायचा कोणी? कंट्रोलरने. त्याला हिअरबॅक म्हणतात. तू "विल कॉल बेस" म्हणालास तेव्हा तो बहुतेक दुसऱ्या फोनवर किंवा स्ट्रिपवर (विमानाच्या नोंदीची पट्टी) लिहीत असणार, आणि त्याच्याही कानाने जे ऐकायचं होतं तेच ऐकलं. शिवाय एका दमात चार गोष्टी सोलो स्टुडंटला सांगायच्याच नाहीत. पण त्याला कळणार कसं तू स्टुडंट आहेस ते? पहिल्या कॉललाच सांगत जा, "स्टुडंट पायलट, सोलो". आमचा वेग आपोआप कमी होतो, खरंच.

इंग्लिशचं म्हणशील तर ते अगदीच गौण नाही. चरखी दादरी, १२ नोव्हेंबर १९९६, आमच्या पिढीचे कंट्रोलर ती तारीख विसरत नाहीत. दोन विमानं हवेत धडकली, ३४९ माणसं गेली. कझाक विमानाला १५ हजार फुटांवर राहायला सांगितलं होतं, ते त्याच्या खाली आलं. रेडिओवर बोलणारा वेगळा, विमान चालवणारे वेगळे, त्यात इंग्लिश कच्चं. पण तुझं तसलं काही नाही. तुला ऐकू आलं नव्हतं आणि तू ऐकल्याचं सोंग केलंस. आम्हाला "से अगेन" चा राग येत नाही बाबा, "रॉजर" (ऐकलं) चा येतो. सूचना दिल्यावर नुसतं "रॉजर" आलं की पोटात गोळा येतो, काय समजला असेल हा देव जाणे.

नीबोर्ड
थिअरी पुरे. गुडघ्यावरच्या कागदावर खुणा कर. मी टॉवर काही करायला सांगतो तेव्हा खाली बाण काढतो, मी कळवायचं असेल तर वर बाण. तुझ्या केसमधे "बेस" च्या पुढे खाली बाण आला असता, बस्स. आणि दुसऱ्याच्या सॉर्टीला (ट्रेनिंगच्या उड्डाणाला) बॅकसीट मिळाली तर सोडू नकोस, विमान चालवायचं नसलं की कान मोकळे असतात.

डाउनविंडवाला
ताई, काका, सगळ्यांना थँक्यू. काल त्याच एअरपोर्टला परत गेलो. "स्टुडंट पायलट, सोलो" सांगितलं. तरी डाउनविंडला एक लांबलचक आलंच, अर्धं सुटलं. घसा कोरडा पडला होता पण म्हटलं, "से अगेन ऑल आफ्टर नंबर थ्री". तो शांतपणे, एकेक तुकडा करून परत बोलला. मागून कोणी हसलं वगैरे नाही. फक्त मी "थ्री" म्हणालो, रेडिओवर तीनला "ट्री" म्हणायला हवं होतं, त्यावरून सरांनी परत झापलं.